वास, स्वॅब आणि चार महिने : सुरक्षा क्लिनिकचा माझा अनुभव

सुरक्षा क्लिनिक म्हणजे लैंगिक आजार आणि जननमार्गाच्या संसर्गासाठीचं मोफत सरकारी क्लिनिक. तिथला शेवटचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तो आला, म्हणून आज बसले.

मी २५ वर्षांची. माहेर-सासर असं काही अजून नाही, घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. कामासाठी पर्वरीला मैत्रिणीसोबत भाड्याच्या खोलीत राहते, पणजीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दीड वर्षापासून एक मित्र आहे. त्याला इथे ‘अ’ म्हणते. तो सावंतवाडीचा, वेर्ण्याला नोकरी करतो.

फेब्रुवारी २०२५ पासून पाळी संपली की दोन-तीन दिवस एक वास यायला लागला. संध्याकाळी बाजारात उरलेल्या नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, येतो तसा. खाज नाही, दुखणं नाही, फक्त पातळ, राखाडीसर पांढरं जायचं. ‘अ’बरोबर संबंध आला की वास वाढायचा. मला वाटलं, माझीच स्वच्छता कमी पडते. म्हणून साबण वाढवला. मग सुगंधी इंटिमेट वॉश आणला, दिवसातून दोनदा वापरला. मग हँड शॉवरने आतपर्यंत पाणी मारायला लागले. जितकं धुवावं तितका वास लवकर परत यायचा, आणि जितका वास येई तितकं मी धुवायची. मे महिन्यात कदंबाच्या शटल बसमध्ये जागा रिकामी असली तरी मी उभी राहायची. शेजारी कुणी बसू नये म्हणून. ‘अ’ला टाळायला लागले आणि त्याला कारणही सांगितलं नाही.

९ जूनला एका खासगी क्लिनिकमध्ये गेले. फी ५०० रुपये. पहिला प्रश्न होता, ‘लग्न झालंय?’ मी नाही म्हटलं आणि पुढचे प्रश्न तिथेच संपले. टेबलावर घेतलं नाही, काही तपासलं नाही. ‘फंगल आहे, कॉमन असतं’ म्हणून फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची एक गोळी आणि रात्री योनीत ठेवायच्या सहा गोळ्या लिहून दिल्या. ६२० रुपये झाले. आठ दिवस बरं वाटल्यासारखं झालं, कदाचित मला तसं वाटायला हवं होतं म्हणून. जूनच्या शेवटच्या पाळीनंतर वास होता तसाच परत.

आता कळतं की बुरशीच्या संसर्गाची लक्षणं वेगळी असतात. त्यात खाज सुटते, आग होते, दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जातं आणि सहसा वास नसतो. माझ्या लक्षणांत यातलं एकही नव्हतं. पण विचारलंच नाही तर कळणार कसं, आणि लग्न न झालेल्या मुलीला विचारायचंच नाही असं ठरवलं तर औषध अंदाजानेच दिलं जाणार. मला राग त्या गोळीचा नाही, त्या न विचारलेल्या प्रश्नांचा आहे.

२९ जूनला, रविवारी, खोलीत एकटी असताना १०९७ वर फोन केला. ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची मोफत हेल्पलाइन. एड्सचं नाव आहे म्हणून दोन दिवस हात धजत नव्हता. पलीकडच्या बाईंनी माझं नाव विचारलं नाही. लक्षणं ऐकली आणि म्हणाल्या, सरकारी इस्पितळात सुरक्षा क्लिनिक असतं, लैंगिक आजार आणि जननमार्गाच्या संसर्गासाठी. तपासणी, समुपदेशन, औषध, सगळं मोफत. अशी क्लिनिक वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा इस्पितळांत असतात. मी कुठल्या गेले ते लिहीत नाही, तिथल्या समुपदेशक ताईंना ओळख फुटलेली आवडणार नाही.

७ जुलै, सोमवार. अर्धा दिवस रजा टाकली. ८.२० ला केसपेपरच्या रांगेत उभी राहिले. खिडकीवर तक्रार सांगावी लागेल ही माझी सगळ्यात मोठी भीती होती. सांगावी लागत नाही. नाव, वय, पत्ता आणि कुठल्या ओपीडीला जायचं तेवढंच. आधार कार्ड सोबत ठेवा. आणखी एक : जायच्या आदल्या दोन दिवसांत आत काही औषध घालू नका, धुऊ नका, संबंध टाळा आणि पाळी चालू असताना जाऊ नका. नाहीतर स्वॅब नीट येत नाही. हे मला हेल्पलाइनवरच सांगितलं होतं म्हणून फेरी वाचली.

१०.४० ला नंबर लागला. आधी समुपदेशक ताईंची खोली. दार लावून घेतलं. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, ते बघून त्या म्हणाल्या, ‘भियेनाका गो बाय.’ मग एकेक प्रश्न. जोडीदार किती, कंडोम वापरता का, नेहमी की कधीतरी, शेवटची पाळी कधी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, ओटीपोटात दुखतं का, संबंधानंतर रक्त दिसतं का. लग्नाचा प्रश्नही होता, पण तो पत्त्यासारखा विचारला, उत्तर लिहिलं आणि पुढे गेल्या. झोप लागते का, जेवण जातं का, हेही विचारलं. मी म्हटलं, याचा काय संबंध? तेव्हा त्यांनी सांगितलं की बार्देशातल्या हळदोण्याला २००१ ते २००३ च्या दरम्यान सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी झाली होती. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणणाऱ्या अनेकींच्या तपासणीत संसर्ग निघालाच नाही. त्या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त जवळचं होतं. आणि ज्यांना संसर्ग निघाला त्यांच्यात सर्वांत जास्त प्रमाण होतं बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडण्याचं. ‘म्हणून आम्ही दोन्ही विचारतो,’ त्या म्हणाल्या.

एचआयव्हीच्या तपासणीसाठी संमतीच्या कागदावर सही घेतली. २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. लघवीची गरोदरपणाची चाचणीही झाली, कारण काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

मग तपासणी. डॉक्टर बाई होत्या. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनीत घालायचा चिमटा, आधी हातात धरून दाखवला, थंड लागेल म्हणून सांगितलं, खोल श्वास घ्यायला लावला. दुखलं नाही, दाब जाणवला. पाच मिनिटंही लागली नसतील. आतल्या भिंतीवरून कापसाची काडी फिरवून त्यांनी ती पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजायच्या एका पिवळट कागदी पट्टीला लावली. पट्टी बघता बघता हिरवी झाली. ‘साडेचारच्या खाली असायला हवा पीएच, तुमचा पाचच्या वर आहे.’ मग काचपट्टीवर थोडा स्राव घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला. क्षणात तो वास खोलीभर आला. तोच. ‘हाच ना?’ डॉक्टरांनी विचारलं. मला रडू आलं. पाच महिने जो वास फक्त मलाच येतो की सगळ्यांना, या विचाराने मी झुरत होते, तो एका काचपट्टीवर होता आणि त्याला नाव होतं.

दुसरी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी मला बघायला बोलावलं. मोठ्या, चपट्या, चुरगळलेल्या कागदासारख्या पेशी दिसल्या. त्यांच्यावर रवा सांडावा तसे असंख्य बारीक कण चिकटलेले, इतके की पेशीची कडच दिसेना. या क्लू सेल्स. ‘इथे लांब काड्यांसारखे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे चांगले जिवाणू, दिसायला हवे होते, एकही नाही बघा.’ पातळ एकसारखा स्राव, वाढलेला पीएच, थेंबाने येणारा वास आणि क्लू सेल्स, या चारपैकी तीन गोष्टी जुळल्या तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, थोडक्यात बीव्ही. १९८३ पासून हे निकष वापरात आहेत. माझ्या चारही जुळल्या.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर पाच महिने वाचले असते. निरोगी योनी निर्जंतुक नसते. तिथे लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू राहतात. इस्ट्रोजेनमुळे भिंतीच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, ते फुटून या जिवाणूंना खाद्य मिळतं आणि ते लॅक्टिक आम्ल बनवतात. त्या आंबटपणामुळे इतर जंतू वाढत नाहीत. हे रक्षक कमी झाले की गार्डनेरेला, प्रिव्होटेला असे जिवाणू दाटी करतात. त्यांच्यामुळे अमाइन नावाची वास देणारी द्रव्यं तयार होतात, त्यातलं ट्रायमिथाइलअमाइन म्हणजे नासत चाललेल्या माशाला वास देणारंच द्रव्य. डॉक्टर म्हणाल्या, ‘बांगड्याला आंबट लावलं की वास दबतो ना? आम्लात अमाइन उडत नाहीत. रक्त आणि वीर्य आम्लाच्या उलट, म्हणून पाळीनंतर आणि संबंधानंतर वास उठतो.’ आणि लगेच बोट दाखवून म्हणाल्या, ‘म्हणून आत लिंबू, दही, काहीही घालायचं नाही.’ आत पाणी मारल्याने मी माझेच राखणदार धुऊन काढत होते. बाहेरून साधं पाणी पुरतं. आतली सफाई शरीर स्वतः करतं, तोच तो रोजचा स्राव. महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार येणारा, पाळीच्या आधी दाट, कपड्यावर वाळला की पिवळसर. हे आजार नव्हेत.

बीव्ही हा काटेकोर अर्थाने लैंगिक आजार मानत नाहीत, पण तो असला की क्लॅमिडिया, गोनोरिया, एचआयव्ही या लैंगिक संसर्गांना दार उघडं राहतं. आणि माझं गर्भाशयमुख लालसर होतं, काडी लागताच रक्त आलं होतं. सरकारी क्लिनिकमध्ये लक्षणांवरून ठरलेल्या रंगीत किट देतात. ग्रे किट गर्भाशयमुखाच्या दाहासाठी, हिरवी योनीच्या संसर्गासाठी. डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले : ग्रे किट आजच घ्या, किंवा परवडत असेल तर स्वॅबची पीसीआर खासगी लॅबमधून करा, म्हणजे नेमका जंतू कळेल, पण रिपोर्ट येताच परत यायचं. मी दुसरा निवडला. ज्यांना खर्च नको किंवा परत येणं जमणार नाही, त्यांनी किट घेणंच बरं, असं त्यांनीच सांगितलं. पणजीच्या लॅबमध्ये ३,२०० रुपये लागले. तिथे मोबाइल नंबर देताना जपून द्या. माझ्या जुन्या फॉर्मवर घरचा नंबर होता, तो मी तिथेच बदलून घेतला.

एचआयव्ही आणि सिफिलिसचे रक्ताचे निकाल दुपारी मिळाले, दोन्ही निगेटिव्ह. एचआयव्हीची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा, कारण ताजा संसर्ग पहिल्या चाचणीत सुटू शकतो. बीव्हीसाठी मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. या दिवसांत दारू घेऊ नका म्हणाल्या. गोळीने तोंडाला नाण्यासारखी चव येते, सोलकढीसुद्धा धातूची लागायची. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या बंद कराव्याशा वाटल्या. केल्या नाहीत.

११ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ६.१० ला ऑफिसातच फोनवर रिपोर्ट आला. गोनोरिया नाही, ट्रायकोमोनास हा आणखी एक लैंगिक संसर्ग, तोही नाही. क्लॅमिडिया : डिटेक्टेड. मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि किती वेळ उभी होते आठवत नाही. मला क्लॅमिडियाचं एकही लक्षण वेगळं जाणवलं नव्हतं. नंतर कळलं, बहुतेक बायकांना जाणवतच नाही. न कळता वर सरकला तर ओटीपोटात दाह, गर्भनलिकांना इजा, पुढे मूल राहायला अडचण किंवा नलिकेत गर्भ राहण्याचा धोका. हे सगळं टाळणारा उपाय म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. १४ कॅप्सूल, ९६ रुपये. १२ तारखेला सकाळी डॉक्टरांनी लिहून दिल्या. भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दुधाबरोबर नाही. मी पेज खाऊन घ्यायची, मळमळ कमी व्हायची.

त्याच संध्याकाळी ‘अ’ला पणजीला बोलावलं. मांडवीच्या काठी पावसात छत्रीखाली उभे राहून मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. ताईंनी आदल्या सोमवारीच सांगून ठेवलं होतं की बोलताना आरोपाने सुरुवात करू नको, कागदाने कर. त्याने विचारलं, ‘तुझ्याकडून की माझ्याकडून?’ मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं : क्लॅमिडिया महिनोन् महिने गप्प बसू शकतो, रिपोर्टवर तारीख लिहिलेली नसते. आमच्या दोघांच्याही आयुष्यात आधी कुणीतरी होतं. तो काही न बोलता बसला चढला. दोन दिवस फोन नाही. ते दोन दिवस गोळ्यांपेक्षा जड गेले. १५ तारखेला त्याचा मेसेज आला, ‘लघवीचा नमुना दिला.’ त्याचाही पॉझिटिव्ह आला, त्यानेही तोच कोर्स घेतला. दोघांचंही औषध पूर्ण होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध नाही, हा नियम आम्ही पाळला. एकाने औषध घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर सगळं पहिल्यापासून.

आणि मग ऑगस्ट. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ला होती. २२ ला पाळी संपली आणि वास परत आला. खरं सांगते, त्या दिवशी मला सगळं सोडून द्यावंसं वाटलं. २५ ला पुन्हा क्लिनिक, पुन्हा पट्टी हिरवी. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. बीव्ही बरा झालेल्या निम्म्याहून जास्त बायकांना तो वर्षभरात परत होतो. हे जिवाणू भिंतीवर चिकट थर करून बसतात, आणि जोडीदाराच्या त्वचेवरूनही परत येतात. मार्च २०२५ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते : फक्त बाईला औषध दिलं तर बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींना परत झाला, पुरुष जोडीदारालाही मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनचं २ टक्क्यांचं मलम सात दिवस दिलं तेव्हा ३५ टक्के. डॉक्टर म्हणाल्या, तो तयार असेल तर दोघांनी एकाच दिवशी सुरू करा. तो चवथीला सावंतवाडीला होता, म्हणून १ सप्टेंबर ठरला. मी इंटरनेटवरून ९०० रुपयांच्या प्रोबायोटिक कॅप्सूल मागवल्या होत्या, त्यांचा भरवसा देता येत नाही असं त्यांनी सांगितलं. त्याऐवजी कंडोमचा आग्रह धरला. ते क्लिनिकमध्ये फुकट मिळतात.

मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या पिशवीत घेऊनच मी चवथीला घरी गेले. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधायला सुतळी शोधताना आईच्या हाताला पाकीट लागलं. रात्री भांडी विसळताना तिने हळूच विचारलं, ‘धुपणी आहे का गो तुला?’ धुपणी म्हणजे अंगावरून पांढरं जाणं. हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मी हो म्हटलं. क्लॅमिडियाचं तेव्हा नाही सांगितलं, बीव्हीचं सांगितलं. ती म्हणाली, ‘तुरटीच्या पाण्याने धू. मी डेटॉल घालते पाण्यात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.’ घालते. घालायची नव्हे. मी नळ बंद केला आणि मोरीच्या कट्ट्यावर बसून तिला बांगडा, आंबट, राखणदार, सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, ‘पाणीसुद्धा नाही घालायचं?’

१३ ऑक्टोबर, सोमवार. तीन महिन्यांची फेरतपासणी. क्लॅमिडियाची पीसीआर औषधानंतर चार आठवड्यांच्या आत करून उपयोग नसतो, मेलेल्या जंतूंचे अंश सापडून खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. आणि तीन महिन्यांनी करायचीच, कारण पुन्हा लागण होणं सर्रास आहे. या वेळी फक्त क्लॅमिडियाची केली, १,७०० रुपये. एचआयव्ही पुन्हा निगेटिव्ह. पट्टी पिवळीच राहिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस घेतली आहे का विचारलं, नव्हती. पुण्यात बनणाऱ्या सर्वाव्हॅकचा पहिला डोस त्याच आठवड्यात २,००० रुपयांना घेतला. माझ्या वयाला तीन डोस लागतात, दुसरा दोन महिन्यांनी, तिसरा सहा महिन्यांनी. पीसीआरचा रिपोर्ट १७ ला आला : नॉट डिटेक्टेड. ‘अ’चाही.

त्या सोमवारी रांगेत मी एकटी नव्हते. आई सकाळच्या पहिल्या बसने आली होती, पदर खांद्यावरून घट्ट घेऊन. तिचाही केसपेपर काढला. माझं झाल्यावर ती आत गेली आणि मला हाताला धरून सोबत नेलं. डॉक्टरांनी पेन उघडत विचारलं, ‘किती दिवसांपासून त्रास आहे?’

आईने माझ्याकडे बघितलं. ‘ही दुसरीत होती,’ ती म्हणाली, ‘तेव्हापासून.’